पौर्णिमेला जोडून सुट्टी

नव्या वर्षाचं कॅलेंडर हातात पडलं की आपण नोकरदार मंडळी सगळ्यात आधी काय करतो? सुट्ट्या मोजतो! कुठली रविवारी वाया गेली, कुठली शुक्रवारी आली आणि कुठे एक सीएल टाकली की चार दिवस मोकळे होतात... मीही तेच करते. फक्त लाल आकड्यांबरोबर मी पौर्णिमाही बघते. ‘वयाच्या मानाने जरा लवकरच नाही का?’ असं ऑफिसमध्ये विचारून झालंय. पण ही सवय मला देवधर्माने नाही, वरवे बुद्रुकने लावली.

वरवे बुद्रुक म्हणजे भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा हायवेच्या कडेचं गाव. कात्रज ओलांडायचं, खेड शिवापूर मागे टाकायचं आणि नसरापूर फाट्याच्या अलीकडे थांबायचं. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं शेतावरचं घर तिथे आहे. त्यामुळे कोजागिरी तिथेच! पूर्वेला पुरंदरचे डोंगर. त्यांच्यामागून चंद्र वर आला की मसाला दूध चुलीवर चढवायचं. प्लॅन एकदम परफेक्ट. प्रॉब्लेम एकच, कोजागिरी शनिवारी येता येत नाही.

२०१६ मध्ये आली, १५ ऑक्टोबरला. त्यानंतरचा शनिवार उजाडला तो थेट २८ ऑक्टोबर २०२३ ला. आणि त्या रात्री नेमकं खंडग्रास चंद्रग्रहण! दूध कधी आटवायचं आणि कधी प्यायचं, यावर घराघरांत चर्चासत्रं झाली. हिशेब तसा सोपा आहे. वार सात, त्यामुळे एखादी पौर्णिमा आपल्या लाडक्या शनिवारी यायची तर सरासरी सात वर्षांतून एकदा.

आता जरा गंमत बघा. ‘यंदा होळी पौर्णिमेला आलीये’ असं कोणी म्हणत नाही, कारण पौर्णिमा असते म्हणूनच होळी असते. हनुमान जयंती, बुद्धपौर्णिमा, वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, राखी, कोजागिरी, त्रिपुरी, दत्तजयंती... सगळ्यांची अपॉइंटमेंट थेट चंद्राशी. इथे योगायोग वगैरे काही नाही, शंभर टक्के खात्री. पण राज्य सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत पौर्णिमेच्या हिशेबाने येणाऱ्या सुट्ट्या मोजून तीन : होळीचा दुसरा दिवस, बुद्धपौर्णिमा आणि गुरुनानक जयंती. कोजागिरीला तर दुसऱ्या दिवशी जांभया देत लॉगिन करायचंच!

उलट २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, ३१ डिसेंबर हे सगळे सूर्याच्या हिशेबाने चालणारे. यांची आणि पौर्णिमेची गाठ पडते तो खरा योगायोग. एखाद्या ठरावीक तारखेला पौर्णिमा येण्याची शक्यता साधारण तिसांत एक. बारा चांद्रमास मिळून दिवस होतात ३५४. म्हणजे वर्षाला अकरा दिवस कमी. म्हणून तिथ्या दरवर्षी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येतात. या सगळ्या पळापळीत एक जागा मात्र अशी आहे, जिथे दोघांचे हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतात. एकोणीस वर्षं! १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमास, दोन्ही सुमारे ६,९४० दिवसांचे. फरक उरतो जेमतेम दोन तासांचा. अथेन्सच्या मेटनचं नाव या चक्राला दिलं जातं, आणि तो होता इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात.

पटत नसेल तर राखी बघा. १५ ऑगस्टलाच राखीपौर्णिमा आली ती १९८१, २००० आणि २०१९ मध्ये. तुमच्या स्वतःच्या बाबतीतही हे करून बघता येईल. तुमच्या एकोणिसाव्या आणि अडतिसाव्या वाढदिवसाला जन्मतारीख आणि जन्मतिथी एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. ज्यांची अडतिशी जवळ आलीये त्यांनी आईला विचारून ठेवा. एकाच दिवशी केकही आणि औक्षणही!

इथपर्यंत सगळं मजेचं. पण वरव्याच्या त्या अंगणात बसलं की चंद्राचा हिशेब आकाशापेक्षा रस्त्यावर जास्त दिसतो. दत्तजयंती आली की गाड्या पुढे कापूरहोळला डावीकडे वळून नारायणपूरला जातात. पौष पौर्णिमा आली की कापूरहोळहून भोर आणि भोरहून घाट चढून मांढरदेवीला, काळूबाईच्या यात्रेला. टेम्पो, जीप, एसटी, मोटारसायकली, रात्रभर. आणि त्याच रस्त्यावर त्यांच्या शेजारून चाललेले असतात आपल्यासारखे वीकेंडवाले, पाचगणी, महाबळेश्वर नाहीतर गोव्याकडे. एरवी दोघांच्या वेळा वेगळ्या. पौर्णिमेला सुट्टी जोडून आली की दोघंही एकाच वेळी रस्त्यावर.

२००५ मध्ये पौष पौर्णिमा होती २५ जानेवारीला, मंगळवारी. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. त्या दिवशी मांढरदेवीच्या डोंगरावर, देवळाकडे जाणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या आणि जवळपास ३०० भाविक गेले. सुट्टीमुळेच हे झालं असं मला अजिबात म्हणायचं नाही. चौकशी आयोग बसला, वाटेची, गर्दीची, व्यवस्थेची बरीच चर्चा झाली. मला खटकते ती साधी गोष्ट. अशा घटनांनंतर ‘गर्दी अनपेक्षित होती’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! गर्दी किती होईल हे डोकं मोजून सांगता येणार नाही कदाचित. पण कुठल्या दिवशी होईल, हे तर पंचांगात आणि सरकारी यादीत वर्षभर आधी छापलेलं असतं. फक्त दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवावे लागतात.

आणि एकोणीस वर्षांचं चक्र आठवतंय ना? २००५ अधिक १९ म्हणजे २०२४. त्या वर्षी पौष पौर्णिमा पुन्हा २५ जानेवारीलाच आली. गुरुवारी. शुक्रवारी २६ जानेवारी, मग शनिवार-रविवार. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेला लाँग वीकेंड! पुढची फेरी २०४३ ची. तेव्हा पौर्णिमा रविवारी आणि २६ जानेवारी सोमवारी. तोपर्यंत आपल्यातले बरेच जण साहेब झालेले असतील. काही जण तर सुट्ट्यांची किंवा बंदोबस्ताची यादी करणाऱ्या खुर्चीवरही. लक्षात ठेवा.

पण एवढं लांब जायची गरज नाही. ३१ डिसेंबर २०२८ ची गोष्ट घ्या. वार रविवार. थर्टी फर्स्ट. पौष पौर्णिमा, म्हणजे काळूबाईची यात्रा. आणि त्यावर कडी म्हणून खग्रास चंद्रग्रहण, तेही आपल्याकडून दिसणारं! रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास चंद्र तांबडा झालेला असेल आणि बाराच्या आसपास ग्रहण सुटत असेल. याआधी थर्टी फर्स्टच्या रात्री पौर्णिमा होती २००९ मध्ये (पुन्हा एकोणीस!). तेव्हा मध्यरात्रीनंतर चंद्राचा जेमतेम एक कोपरा झाकला गेला होता.

त्या दिवशी यात्रेकरूही याच हायवेला असतील, पार्टीवालेही, आणि टेलिस्कोप घेऊन शहराच्या दिव्यांपासून लांब पळणारेही. आमच्या ग्रुपचं ठरलंय. शनिवारी सकाळीच वरवे गाठायचं, गाडी अंगणात लावायची आणि सोमवारी दुपारपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. रस्ता ज्यांना मांढरदेवीला जायचंय त्यांना मोकळा राहू दे. आपला चंद्र तर अंगणातूनही दिसतो.

१ जानेवारीची सीएल मात्र आत्ताच मागून ठेवा!