भिंतीवरचें चित्र आणि नीरेचा पूर

पुष्कळ शाळांच्या भिंतींवर आपत्तीसंबंधीं रंगीत तक्ते टांगलेले दिसतात. हेतु स्तुत्य आहे. परंतु ज्या चित्रांत समुद्राच्या लाटा व गगनचुंबी इमारतीच आहेत, तें निरवांगीच्या मुलास काय शिकविणार? आमचें स्पष्ट मत असें कीं, शाळेंतील संकटसूचक चित्र त्या गांवचेंच असावें व तें विद्यार्थ्यांनींच काढावें.

निरवांगी नीरातीरीं वसलें आहे. वरच्या अंगास वीर धरण आहे. तेथून पाणी सोडलें म्हणजे गांवावर पावसाचा थेंब नसतांही नदी फुगते. उलटपक्षीं, २०२५ च्या मे महिन्यांत बारामती व इंदापूर तालुक्यांत एवढा पाऊस झाला कीं, बारामतीनजीक नीरा डावा कालवा फुटला. म्हणून आपल्या तक्त्यावर शाळा, नदी, ओढा व उंचवट्याची जागा हीं प्रथम दिसावीं. शाळेपासून उंचवट्याकडे एकच ठळक बाण जावा. आणि पाण्याखालीं जाणाऱ्या वाटेवर मोठी फुली असावी. शब्द मोजके व अक्षर ठसठशीत असावें. केवळ तांबड्या-हिरव्या रंगांवर अर्थ सोंपवूं नये, कारण कित्येकांस तो भेद दिसत नाहीं. निरक्षर आजीस व ऊसतोडणीसाठीं आलेल्या कुटुंबांतील मुलासही जें चित्र कळलें, तेंच साधलें असें समजावें.

चित्राचें सामर्थ्य लहान नव्हे. २००४ च्या डिसेंबरांत थायलंडमधील फुकेट बेटावर टिली स्मिथ नामक दहा वर्षांच्या इंग्रज मुलीनें समुद्राचें पाणी विचित्र फेसाळतांना पाहिलें. दोनच आठवड्यांपूर्वीं भूगोलाच्या तासास तिच्या शिक्षकांनीं त्सुनामीचें चलच्चित्र दाखविलें होतें. चित्रांतील व डोळ्यांपुढील देखावा जुळला. तिनें आईबापांस सावध केलें, आणि किनाऱ्यावरील लोक वेळींच निघून वांचले.

परंतु संकट शाळेची वेळ पाहून येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप पहांटे, सारे निजलेले असतां झाला. म्हणून तक्त्याची एक प्रत घरोघरीं लागावी, आणि वर्षांतून दोनदां तरी मुलांस त्या बाणाच्या वाटेनें प्रत्यक्ष चालवावें.

पालकांस आमची विनंति एवढीच: मागील पुराचें पाणी कोठवर आलें होतें, तें ठिकाण मुलांस दाखवा, चित्र तेथूनच खरें होईल. नोहानें पावसाची वाट पाहिली नाहीं, तारूं आधींच सिद्ध केलें. आपलाही तक्ता पुढील पावसाळ्यापूर्वीं भिंतीवर लागला पाहिजे.