चार्जिंग कुठं करता जी?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की ते सिक्स्टी नाइन की सेवंटी नाइन, हे मला आजही मनात पडताळून बघावं लागतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधाराव्यात. मतांच्या चुका मात्र माझ्या आहेत, त्या तशाच राहू द्याव्यात!

तर मित्रांनो, विषय आहे आमच्या घरची हायब्रिड गाडी. बाबांचा औषधांचा होलसेल धंदा आहे. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव अशी त्यांची आठवड्याची फेरी असते. २०२३ च्या धनत्रयोदशीला आम्ही ही गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटेल. तेव्हापासून आजपर्यंत ती सुमारे ३४,००० किलोमीटर चालली, आणि त्या सगळ्या किलोमीटरमध्ये आम्हाला सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: "चार्जिंग कुठं करता जी?"

पेट्रोल पंपावरच्या पोराने विचारला, आत्याने विचारला, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या अनोळखी काकांनी विचारला. "चार्ज करावी लागत नाही" असं सांगितलं की समोरचा माणूस आपल्याकडे असा बघतो, जणू आपण शोरूममध्ये फसवले गेलो आहोत आणि अजून ते आपल्याला कळलेलंच नाही!

म्हणून आधी तेवढं समजावून सांगते. २०२२ मध्ये टोयोटा हायराइडर आणि मारुती ग्रँड विटारा आल्या आणि 'स्ट्राँग हायब्रिड' हा प्रकार मध्यमवर्गाच्या थोडाफार आवाक्यात आला. (त्याआधी होंडाने २००८ मध्ये सिविक हायब्रिड आणि टोयोटाने २०१० मध्ये प्रियस इथे विकायला आणली होती, पण त्या गाड्या बहुतेकांनी फोटोतच पाहिल्या.) या हायराइडर-विटाराच्या हायब्रिड बॅटरीत साधारण पाऊण युनिट वीज मावते. पूर्ण एक युनिटही नाही! २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीत ३० युनिट मावत होते. म्हणजे हायब्रिडची बॅटरी हा हंडा नाही, तांब्या आहे. गाडी स्वतःच तो भरते आणि स्वतःच रिकामा करते. ब्रेक मारला की मोटर उलट जनरेटर बनते आणि जी ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया गेली असती ती तांब्यात पडते. मी हिशेब करून पाहिला. साडेबाराशे किलोची गाडी ताशी ६० वरून थांबली तर मिळून मिळून मिळते युनिटच्या विसाव्या भागाएवढी ऊर्जा, त्यातलीही काही गळती होते. पण गोंदियाच्या बाजारात आपण दिवसातून किती वेळा थांबतो ते मोजा! गायी, ऑटो, हातगाड्या, रेल्वे फाटक. फाटकावर आजूबाजूच्या गाड्या घरघरत असतात आणि आमची एसी चालू ठेवून गप्प उभी असते. पहिल्या महिन्यात तर मागचे लोक येऊन विचारायचे, "काहून जी, बंद पडली का?"

आता मायलेज. जाहिरातीतला आकडा विसरा. बाबा पहिल्या दिवसापासून वहीत लिहितात. शहरात २४ ते २५. देवरी-सालेकसाकडच्या जंगलातल्या रस्त्याला, जिथे वेग आपोआपच कमी राहतो, तिथे २३ च्या आसपास. आणि कोहमाऱ्याहून नॅशनल हायवेला लागून साकोली, भंडारा, नागपूर असं १०० च्या वेगाने गेलं तर १८. सगळ्यांना हायवेला जास्त मायलेज मिळतं, आम्हाला गर्दीत! कारण हायवेला ब्रेकच लागत नाही, मग तांब्या भरणार कसा? मे महिन्यात सगळेच आकडे दीड-दोनने घसरतात. विदर्भातल्या पंचेचाळीस डिग्रीत एसी बॅटरी खातो आणि बॅटरी भरायला इंजिनाला पुन्हा पुन्हा उठावं लागतं. एकूण सरासरी २१.६.

आमच्या ओळखीत हीच गाडी साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये आहे, ती १४.५ देते. आम्ही तिच्यापेक्षा अडीच लाख जास्त मोजले. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर वर्षाला ३४० लिटर म्हणजे साधारण ३५,७०० रुपये वाचतात. अडीच लाख वसूल व्हायला सात वर्षं. आणि हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. म्हणजे निर्धास्त फायद्याचं वर्ष एकच! मी हे बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "लोनचं व्याज धरलंस का?" नव्हतं धरलं. "मग नको धरू."

यात सरकारचाही हात आहे. आम्ही घेतली तेव्हा अशा गाडीवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के होते, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, तरी आमच्या आकाराच्या हायब्रिडला ४० टक्के आहेतच. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशनचा कर माफ केला होता. आपले नागपूरचे गडकरी साहेब हायब्रिडवरचा कर कमी करा असा आग्रह धरत आले आहेत, पण अजून तरी ४० म्हणजे ४०.

मग सरळ इलेक्ट्रिकच का नाही घेतली, असं ईव्हीवाले मित्र विचारतात. बाबांना त्यांच्या फेरीत चार्जरचा भरवसा वाटला नाही, हे एक. दुसरं, आपल्या जिल्ह्यातच तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र आहे. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे आज साधारण ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोमीटरला ०.१५ युनिट धरलं तर ईव्हीचा धूर होतो १०८ ग्रॅम, फक्त तो तिरोड्याच्या चिमणीतून निघतो. आमची गाडी २१.६ ने सुमारे १०६ ग्रॅम सोडते. बरोबरी! ग्रिडमध्ये सोलर वाढेल तशी ईव्ही पुढे जाईल, हे मला मान्य आहे. कँटीनमध्ये यावरून भांडायला मी तयार आहे, चहा तुमचा.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच.

गेल्या वर्षी आम्ही सगळे मावसबहिणीच्या लग्नाला ट्रेनने पुण्याला गेलो आणि तीन आठवडे राहिलो. निघण्याच्या घाईत डिकी नीट लागली नव्हती, आतला दिवा जळत राहिला. चूक शंभर टक्के आमची. परत आलो तर गाडी मेलेली. रिमोटने दरवाजासुद्धा उघडेना. रिमोटच्या आत लपलेली साधी चावी काढून उघडला. स्क्रीन काळी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं होतं, तारीख दीड महिन्यापूर्वी मिळालेली.

बाबांनी आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांना बोलावलं. काकांबद्दल सांगायलाच हवं. इंजिनाचा आवाज ऐकून कितव्या सिलिंडरमध्ये खोट आहे ते सांगतात. मी आठवीत असल्यापासून त्यांच्या गॅरेजवर स्टूल टाकून बसते आणि मेकॅनिकल ब्रांच घेण्याचं निम्मं पाप त्यांचंच आहे! काका जंपर केबल घेऊन आले, बॉनेट उघडलं, आणि आतल्या त्या जाड नारिंगी वायर बघून दोन पावलं मागे सरले.

"हात लावत नाही जी मी याले. करंट हाय यात."

एवढ्या वर्षांत मी काकांना कुठल्याही मशीनपासून मागे सरताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं इंजिनिअरिंगले हायस ना बेटा? तूच सांग."

मला काहीच सांगता आलं नाही. थर्ड इयर मेकॅनिकल. वर्कशॉपला फोन केला तर "उद्या दुपारनंतर माणूस पाठवतो, तोपर्यंत कोणी काही उघडू नका." उद्या दुपारी आजीचं ऑपरेशन उरकलेलं असायला हवं होतं.

शेवटी डॅशबोर्डच्या कप्प्यातून ओनर्स मॅन्युअल काढलं. जाडजूड, इंग्रजी. ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा आलं नव्हतं. टॉर्चच्या उजेडात दोन तास वाचलं. त्यात जे कळलं ते असं: गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक ती मोठी, जिच्या वायर नारिंगी असतात. हायराइडरसारख्या गाडीत ती १७७ व्होल्टच्या आसपास, डीसी, जीवघेणीच. तिला हात लावायचा नाही. आणि दुसरी अगदी साधी १२ व्होल्टची, कुठल्याही गाडीत असते तशी. ती फक्त कॉम्प्युटर जागा करते. गाडी बंद असली की मोठी बॅटरी रिलेने तोडलेली असते. छोटी उठली की ती रिले जोडते, मग पुढचं काम मोठीचं. म्हणजे मेली होती ती छोटी! काकांनी आयुष्यात हजारदा जिला जंप दिला असेल तीच.

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले, काका करत गेले. प्लस कुठे, मायनस बॉडीच्या कुठल्या बोल्टला, आधी कुठली केबल लावायची. दहा मिनिटं. ब्रेक दाबून बटण दाबलं तर स्क्रीनवर 'रेडी' आलं. आवाज काहीच नाही. काका म्हणाले, "झाली का? मंग आवाज काहून नाही?" सकाळी सहाला आजी नागपूरच्या रस्त्याला लागली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अभिमानाने नाही, लाजेने. जे काम काकांना सहज येत होतं ते करायला ते घाबरले, कारण काय धोक्याचं आणि काय नाही हे सांगणारी सगळी अक्षरं इंग्रजीत होती. आणि मला इंग्रजी येत होतं, पण स्पॅनर धरायची वेळ आली तेव्हा माझे हात थरथरत होते. आपल्या कॉलेजचीही तीच गत आहे. लॅबमध्ये आपण कार्ब्युरेटरचं कट-सेक्शन रंगवून ठेवलंय. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या बाइकमधूनसुद्धा कार्ब्युरेटर गेला. एपिसायक्लिक गिअर ट्रेनची गणितं आपण टेबल मेथडने पाठ करतो. पण १९९७ च्या प्रियसपासून टोयोटाच्या हायब्रिडचं पोट म्हणजे तेच गिअर आहे, कॅरिअरला इंजिन, सनला जनरेटर, रिंगला मोटर, हे मला मॅन्युअलनंतर नेट शोधताना कळलं. व्हायव्हात "उपयोग कुठे?" असं विचारलं की आपण अजून डिफरन्शियल म्हणून मोकळे होतो.

माझं मत सरळ आहे. हायब्रिड गोंदियाच्या रस्त्यांसाठी चांगली गाडी आहे. पण गोंदियात ती दुरुस्त करणारे हात नसतील तर जुनी झाल्यावर ती कोणी घेणार नाही, आणि तो सात वर्षांचा हिशेब कागदावरच राहील. गाड्या वाढल्या की बाजार ते हात तयार करेल, असं एक सर म्हणाले. करेल, पण ते हात नागपूरच्या एसी वर्कशॉपमधले असतील. काकांसारख्यांना ऑइल बदलण्यापुरतं ठेवतील. डिपार्टमेंटने भंगारातला एक हायब्रिड ट्रान्सअ‍ॅक्सल आणावा, आणि तो उघडताना शहरातल्या मेकॅनिक लोकांना बोलवावं. आपण त्यांना वाचून दाखवू, ते आपल्याला उघडून दाखवतील. एचओडी सरांना अर्ज दिलाय. उत्तर 'बघू' असं आलंय.

तोपर्यंत मी एक काम सुरू केलंय. हायब्रिड गाडीला काय शिवायचं आणि काय नाही, याचा मराठी कागद काकांच्या गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. पहिल्या मसुद्यात मी डिक्शनरी बघून 'विद्युतरोधक हस्तत्राण' असं लिहिलं होतं. काका बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "लाइनमनचे हातमोजे म्हण ना बेटा."

तसं केलंय. दुसरं पान बॅटरीच्या हवेच्या जाळीबद्दल आहे. आमच्या सर्व्हिसिंगला मागच्या सीटजवळच्या त्या जाळीचा फिल्टर काढला तेव्हा तो धुळीने आणि धानाच्या कोंड्याने भरला होता, वर आजीची पिशवी नेहमी त्यालाच टेकलेली. हे पान अजून अर्धं आहे. माझ्यापेक्षा बरं मराठी येणाऱ्या कोणी, ब्रांच कुठलीही चालेल, शनिवारी दुपारी दोननंतर मला वर्कशॉपच्या पायऱ्यांवर भेटावं.