युद्धकाल आणि प्रश्नोत्तराचा तास

राष्ट्र युद्धात गुंतले असता सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे आघाडीवरील जवानाचा हात मागून ओढणे होय, अशी समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे. ती जोपासण्यात सत्तारूढ पक्षाला रस असावा हे समजण्यासारखे आहे. परंतु विरोधी पक्षही कित्येकदा तिच्यापुढे आपण होऊन मान तुकवितो, आणि मग जे हुकुमाने बंद करणे सरकारला जड गेले असते ते परस्पर संमतीने, मोठ्या सौजन्याने बंद होते. 1962 च्या हिवाळ्यात भारतीय संसदेत असेच घडले. पुढे 2020 साली करोनाच्या निमित्ताने पावसाळी अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला तेव्हा सरकारपक्षाने जे पूर्वदाखले पुढे केले त्यांत त्या हिवाळ्याचाही दाखला होता. म्हणून तो मुळात कसा पडला हे एकदा तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

20 ऑक्टोबर 1962 च्या पहाटे नामका चू नदीच्या काठावरील आपल्या ठाण्यांवर चिनी फौजा तुटून पडल्या. 26 तारखेस आणीबाणी पुकारली गेली आणि त्याच दिवशी भारत संरक्षणाचा वटहुकूम निघाला. संसदेचे अधिवेशन लवकर बोलवावे असा आग्रह जनसंघाचे राज्यसभेतील तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी धरला, तो पंडित नेहरूंनी मानला, आणि 8 नोव्हेंबरला संसद भरली. येथवरचा वृत्तान्त नेहरूंना भूषणावह आहे. लोकसभा सदस्य डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी बैठक गुप्त ठेवावी असे सुचविले असता नेहरूंनी ते साफ नाकारले. ज्यांच्यावर बहुतेकांचा रोष होता ते आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन अधिवेशनाच्या आदल्याच दिवशी मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. आणि लोकसभेत 165 सदस्यांनी भाषणे करून 14 नोव्हेंबरला आक्रमकाला भारतभूमीवरून हाकून लावण्याचा तो सुप्रसिद्ध ठराव संमत केला. पराभवाच्या छायेत वावरणाऱ्या पंतप्रधानाने इतक्या जणांचे इतके ऐकून घेणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु त्याच अधिवेशनात प्रथम प्रश्नांच्या संख्येवर मर्यादा आली आणि नंतर, सत्तारूढ व विरोधी पक्षांत बोलणे होऊन, प्रश्नोत्तराचा तासच तहकूब झाला. 21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, तोफा थांबल्या, आणि तरीही त्यानंतरच्या दिवसांत तो तास बंदच राहिला. म्हणजे भाषणाला मुभा होती, प्रश्नाला नव्हती. आणि आमच्या मते सगळी मेख येथेच आहे. भाषण कितीही तिखट असले तरी त्याला उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यावर नसते; चर्चेच्या अखेरीस उभे राहून तो हवे ते मुद्दे उचलतो, नको ते गाळतो, हिमालयाची, शांततेची आणि विश्वासघाताची उदात्त भाषा बोलतो व बसतो. तारांकित प्रश्नाचे तसे नाही. तो छापील असतो, नेमका असतो, त्याचे उत्तर खात्याच्या दफ्तरातून शोधून आणावे लागते. आणि ते वाचून होते न होते तोच पुरवणी प्रश्न येतो, ज्याची तयारी सचिवाने करून दिलेली नसते. ईशान्येकडील कडाक्याच्या थंडीत ज्या पलटणी सुती गणवेशावर आणि कॅनव्हासच्या बुटांवर पाठविल्या गेल्या त्यांच्यासाठी हिवाळी कपड्यांची मागणी कोणत्या महिन्यात नोंदविली गेली, ती कोणाच्या मेजावर अडली, इतके विचारणारा एखादा पुरवणी प्रश्न 165 भाषणांना भारी ठरला असता. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतून कॉफीची भांडी निघतात, असा टोमणा त्या काळी सर्रास मारला जाई. टोमणे मारणे सोपे होते, पण किती भांडी व किती बंदुका, हे विचारून वदवून घेण्याची ऐन वेळ आपण हातची घालविली.

यावर गुप्ततेचा आक्षेप ठरलेला. शत्रू कान टवकारून बसला असता दारूगोळ्याचा हिशेब उघड्या सभागृहात मांडावयाचा काय? आक्षेप पोकळ नाही. पण त्याची तजवीज प्रश्नांच्या नियमांतच आहे. स्वभावतःच गुप्त असलेल्या बाबींविषयी प्रश्न स्वीकारता येत नाही, तो स्वीकारावा की नाही हे अध्यक्ष ठरवितात, आणि स्वीकारल्यावरही तपशील देणे लोकहिताचे नाही असे सांगून मंत्र्याला थांबता येते. इतके अडसर असताना पुन्हा दरवाजाच भिंत घालून बुजवून टाकण्याचे प्रयोजन काय, याचे समाधानकारक उत्तर आम्हास आजवर कोणी दिलेले नाही. फौज कोठे उभी आहे हे शत्रूपासून लपवावयाचे असते. फौजेच्या पायांत काय आहे हे शत्रूने तिच्याशी लढतानाच पाहिलेले असते, ते लपते ते फक्त आपल्याच लोकांपासून. आणि ज्या स्त्रियांनी गावोगावी अंगावरचे सोने उतरवून संरक्षणनिधीत टाकले त्यांच्या वतीने त्या सोन्याचे काय झाले असे विचारण्यात कोणती गुपिते फुटणार होती?

ब्रिटनचा दाखला देणे आम्हास फारसे रुचत नाही, कारण ज्या काळाचा हा दाखला आहे त्याच काळात त्या देशाने आपल्या देशास जे नाकारले ते विसरता येत नाही. तथापि या एका बाबतीत तो टाळताही येत नाही. दुसऱ्या महायुद्धात कॉमन्स सभेचे दालन 1941 च्या मे महिन्यात बॉम्बने उद्ध्वस्त झाले, सभा लॉर्डांच्या दालनात भरू लागली, काही बैठका गुप्तही झाल्या. पण प्रश्नांची वेळ चालूच राहिली. इप्सविचचे मजूरपक्षीय सदस्य रिचर्ड स्टोक्स यांचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. हे गृहस्थ व्यवसायाने अभियंते व कारखानदार, पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळविलेले. आणि त्यांनी एकच ध्यास घेतला होता की आपले रणगाडे जर्मन रणगाड्यांपुढे टिकणारे नाहीत. वर्षानुवर्षे ते तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारीत राहिले. 1944 साली त्यांनी मागणी केली की जर्मनांचा टायगर रणगाडा आणि पंतप्रधानांच्याच नावाचा आपला चर्चिल रणगाडा आणून सभासदांना शेजारी शेजारी पाहू द्यावेत. माननीय मित्रांचे आकसाचे कुतूहल शमविण्यासाठी एवढी यातायात करणे योग्य नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन चर्चिल यांनी त्यांना उडवून लावले व सभागृहात हशा पिकला असेल. परंतु त्याच वर्षी 13 जूनला नॉर्मंडीतील व्हिलेर-बोकाज या गावी मोजक्या टायगर रणगाड्यांनी ब्रिटिश चिलखती दलाची जी दाणादाण उडविली तिने हसण्यासारखे काही शिल्लक ठेवले नाही. स्टोक्स यांना कोणी देशद्रोही ठरवून तुरुंगात धाडले नाही, हेही ध्यानात घ्यावे. उलट युद्धानंतर ते मंत्री झाले.

प्रश्नाला नेहमी खरेच उत्तर मिळते असेही नाही. जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बवर्षावाविषयी याच स्टोक्स यांनी विचारले असता हवाईखात्याच्या मंत्र्यांनी लक्ष्ये लष्करी असल्याची ग्वाही दिली, आणि ती दिशाभूल करणारी होती. पण ती ग्वाही छापली गेली, नाव आणि तारीख यांसह दफ्तरात राहिली, आणि म्हणूनच पुढच्या पिढीला तो खोटेपणा पकडता आला. जेथे प्रश्नच विचारला जात नाही तेथे खोटे बोलण्याचे कष्टही कोणाला पडत नाहीत.

आपल्याकडेही प्रश्नांनी काम केल्याचा इतिहास आहे, तो आम्ही सोयीने विसरतो. लडाखच्या अक्साई चीनमधून चीनने बांधलेला रस्ता 1957 साली पुरा झाला. आपल्या सरकारने 1958 च्या ऑक्टोबरात त्याविषयी पेकिंगला निषेधाचा खलिता धाडला. आणि संसदेस मात्र हे समजले ते 28 ऑगस्ट 1959 रोजी, सीमेवरील चकमकींविषयी सदस्यांच्या भडिमाराला तोंड देताना पंतप्रधानांना ते सांगावे लागले तेव्हा. त्यानंतर लगोलग पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका निघाली. दोन वर्षे जे मंत्रालयाच्या कपाटात होते ते थोड्याच दिवसांत बाहेर आले. 1962 मध्ये हे हत्यार बोथट झाले नव्हते, आपणच ते म्यान केले. आणि ते म्यान असताना ज्या आणीबाणीत भारत संरक्षण नियमांखाली माणसे विनाचौकशी स्थानबद्ध होत होती ती आणीबाणी 1968 च्या जानेवारीपर्यंत उठली नाही.

सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणून ज्यांचा महाराष्ट्राने गौरव केला ते यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर पराभवाच्या कारणांची चौकशी हेंडरसन ब्रुक्स व भगत या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी केली. 2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन करून शिक्षण, सरंजाम, हुकमतीची साखळी आणि सेनापतींची कुवत यांविषयीचे निष्कर्ष मोजक्या शब्दांत सांगितले. मूळ अहवाल प्रसिद्ध करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नाही असेही सांगितले. त्या वर्षी ती भूमिका समर्थनीय होती. परंतु 2010 च्या एप्रिलात एका प्रश्नाच्या लेखी उत्तरात संरक्षणमंत्री अँटनी यांनी तो अहवाल अत्यंत संवेदनशील असून त्याचे लष्करी महत्त्व आजही कायम असल्याचे कळविले, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या बुटांचा व बंदुकांचा तपशील शत्रूला कोणत्या उपयोगाचा, असा पुरवणी प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा होता. लेखी उत्तराला पुरवणी प्रश्न नसतो.

आमची मागणी मर्यादित आहे. प्रश्नोत्तराचा तास तहकूब करण्याची वेळ खरोखरच आली तर ते पक्षनेत्यांच्या खासगी मसलतीत ठरू नये. मुदत आणि कारण नमूद करणारा ठराव सभागृहापुढे यावा, त्यावर मतविभागणी व्हावी, आणि मुदत संपताच तो तास आपोआप पूर्ववत सुरू व्हावा. रसद, कपडालत्ता, जखमींची व्यवस्था व वर्गणीने जमलेला निधी यांविषयीचे प्रश्न या ठरावाच्या कक्षेबाहेर ठेवावेत. आणि 1963 साली चव्हाणांनी हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालातील ज्या प्रकरणांचे सार स्वतः सभागृहात सांगितले, निदान तेवढी प्रकरणे तरी येत्या अधिवेशनात संसदेच्या मेजावर ठेवावीत.