फळीचं टोक काय सांगतं?

दोस्तांनो, लाकडाच्या वखारीत कधी गेला आहात का? ओल्या भुशाचा वास, करवतीचा कर्कश आवाज आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या उंचच उंच फळ्या! तिथं गेल्यावर मोठी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "भाव काय?" आज आपण भाव विचारायच्या आधी काय बघायचं, ते शिकू या.

निमित्त आमच्या शेजारच्या घराचं. घरामागचा रस्ता रुंद झाला आणि त्यांचं परस एकदम उघडं पडलं. न्हाणीघराकडे जाताना, केस वाळवताना रस्त्यावरून सगळं दिसतं, म्हणून त्या घरातल्या आजी मागं यायच्याच बंद झाल्या. जागा भाड्याची, भिंत बांधता येईना. मग फळ्यांचं कुंपण करायचं ठरलं. 24 फूट लांब, 6 फूट उंच.

हिशेब तुम्हीच करा. 6 फूट लांब, 6 इंच रुंद, 1 इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट लाकूड. अशा 48 फळ्या लागल्या, तर 12 घनफूट झालं. आणि हो, 1 इंच म्हणजे 8 सूत. रंधा मारला की इंची फळी 6 सूतच उरू शकते. तेव्हा जाडी रंध्याआधीची की नंतरची, ते विचारून घ्यायचं. यात लाजायचं काही कारण नाही!

आता फळी हातात घ्या आणि तिचं टोक बघा. झाडाच्या खोडात मधोमध गाभ्याचं गडद लाकूड असतं आणि सालीलगत पांढरट पट्टा असतो. पांढऱ्या भागातून झाड पाणी वर चढवतं. त्यात पिष्ठ असतं, म्हणजे किड्यांना मेजवानीच. गाभ्यात मात्र झाडानं अशी द्रव्यं साठवलेली असतात की कीड आणि बुरशी त्याला सहजासहजी तोंड लावत नाहीत. सागवानाचं नाव झालं ते या गाभ्यामुळे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतं आहे! पण त्याच सागाची पांढरी कड पावसात उभी केलीत, तर ती लवकर किडते. म्हणजे "सागवान आहे" एवढं ऐकून खूश व्हायचं नाही. सागाचा कुठला भाग, ते बघायचं. कधी कधी तेल किंवा रंग चोळून पांढरी कड गडद केलेली असते. शंका आली तर टोकाचा बोटभर तुकडा कापून दाखवायला सांगावं.

टोकावर वाढीच्या वर्तुळांच्या कमानीही दिसतात. ओलं लाकूड वाळताना या वर्तुळांच्या दिशेनं जास्त आकसतं. गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. त्यामुळे कमानी जणू सरळ व्हायला बघतात आणि फळी त्यांच्या उलट बाजूला पन्हळीसारखी वाकते. लांबीत मात्र लाकूड जवळपास आकसतच नाही.

मग एक डोळा मिटा, फळी बंदुकीसारखी धरा आणि कडेवरून नजर टाका. बाक, पीळ, सगळं लगेच कळतं. थोडा बाक खिळ्यांनी सरळ होतो, पीळ काही जात नाही. पिळलेली फळी बाजूला ठेवा. गाठी असल्या तर अंगठ्यानं दाबून पाहा. घट्ट गाठ चालेल. भोवती काळं कडं असलेली, हलणारी गाठ पुढे गळून पडते आणि कुंपणाला आयतं भोक! आजींना तेच तर नको होतं.

एकाच लाकडाच्या, सारख्या मापाच्या दोन फळ्या उचलून बघा. जास्त जड असेल ती बहुधा जास्त ओली. बोटाच्या पेरानं ठोका: वाळकी खणखणीत वाजते, ओली किंवा सडकी बद्द. फळीखाली मैद्यासारखी भुकटी पडलेली दिसली, तर आत किडा आहे. मग ती फुकट दिली तरी घेऊ नका.

नवं सागवान शेजाऱ्यांच्या खिशाला परवडेना. आंब्याच्या फळ्या स्वस्त होत्या, पण उघड्यावर पावसात आंबा टिकत नाही. शेवटी त्यांनी मोडलेल्या वाड्याचं जुनं सागवान घेतलं. माझ्या मते हा सौदा चांगला. ते लाकूड इतकी वर्षं वाळलेलं असतं, वाकायचं ते वाकून झालेलं असतं. फक्त आतले जुने खिळे काढावे लागतात, नाहीतर सुतारकाकांच्या करवतीचे दात गेलेच म्हणून समजा!

दोन फळ्यांत दोन सूत फट ठेवली, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. फटीतून दिसू नये म्हणून मागून पातळ पट्टी मारली. खांब लोखंडी अँगलचे, आणि फळ्या जमिनीपासून चार बोटं वर. ओल आणि हवा दोन्ही जिथं मिळतात, तिथं लाकूड आधी सडतं. ती जागा म्हणजे नेमकी मातीलगतची.

आता घरातला जेवायचा पाट घ्या. त्याचं टोक पुसून वर्तुळांच्या कमानी शोधा. पाट कमानींच्या उलट बाजूला वाकलाय का? तुमच्या पाटाचं चित्र काढून आम्हाला जरूर पाठवा.