खापर भरले, हे कोण सांगणार?

हातपंपाचे पाणी नितळ आणि थंड असते. तेच पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर मात्र पिवळट-तपकिरी पट्टे उमटतात. पुढे ऐन उमेदीत गुडघे, कंबर आखडते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीपासून राजुरा-कोरपन्यापर्यंत अनेक गावांनी हे सोसले आहे. गडचिरोलीचे भूजलही यातून सुटलेले नाही. खडकांतले फ्लोराइड पाण्यात उतरते आणि उकळून ते जात नाही. पाणी आटते तसे उलट वाढते. भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तरच १.५.

नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत दिली. ती उपयोगी आहे, पण रोज मोजूनमापून करावी लागते. म्हणून मातीचा पर्याय खुणावतो. चिकणमातीच्या कणांच्या कडांवर ॲल्युमिनियमला हायड्रॉक्सिल चिकटलेले असते. फ्लोराइड जवळपास त्याच्याच आकाराचे, त्याच भाराचे. त्यामुळे ते त्याची जागा घेते. कच्ची माती पाण्यात मिसळून ते गढूळ करते, म्हणून ती भाजायची. भाजणीही बेताची हवी: १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६०० अंश सेल्सिअसला भाजलेले खापर सर्वांत गुणकारी ठरले, ७०० अंशांपुढे गुण उतरला. श्रीलंकेत विटांच्या तुकड्यांची घरगुती गाळणी याच तत्त्वावर चालवली गेली.

मातीची भांडी घडवणाऱ्या भद्रावतीला हे काम अवघड नाही. मात्र मातीची धारणशक्ती थोडी असते आणि फ्लोराइडयुक्त पाणी बहुधा अल्कधर्मी असल्याने ती आणखी घटते. शिवाय फ्लोराइडला रंग, वास, चव नाही. खापर फ्लोराइडने भरले तरी तोटीतून तेच नितळ पाणी येत राहते आणि घर निर्धास्तपणे विष पीत राहते.

म्हणून गाळणी वाटणे म्हणजे योजना नव्हे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. गाळणीतून येणारे पाणी तपासण्याचे काम त्यांना मानधनासह द्यावे. खापर केव्हा बदलायचे, नवे कोण पुरवणार, भरलेले विहिरी-नाल्यापासून दूर कुठे पुरायचे, हे ग्रामपंचायतीने आधी ठरवावे. सुरक्षित नळपाणी हेच अखेरचे उत्तर आहे. ते पोहोचेपर्यंत माती गावाला साथ देईल. तिची मुदत संपली, हे वेळेवर सांगणारे माणूस तेवढे तिच्याजवळ हवे.