शेवटची ओळ वाचू नका!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण एकच. गेले दहा-बारा दिवस मी एका प्रोग्रॅमशी कुस्ती खेळत होतो. कुस्ती शेवटी जिंकली, पण ती चालू असताना कडेला बसून "असं करा, तसं करा" म्हणणाऱ्यांचा जो राग आला, तो आज इथे काढणार आहे. घरच्या मंडळींपैकी कुणाला लागलं तर लागू दे. मी माघार घेणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. शाळेचं वार्षिक १९७९ ते २००१ मी संपादित करत होतो. सुरुवातीचे अंक खिळे जुळवून छापलेले. त्यांचा कागद आता असा झालाय की पान उलटलं की कोपरा हातात येतो. शाळेकडे पूर्ण संच नाही. माझ्याकडे आहे, आणि माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यानंतर ही रद्दी कोण सांभाळणार? म्हणून ठरवलं, पानांचे फोटो काढायचे आणि टेसरॅक्टकडून त्यातला मजकूर उतरवून घ्यायचा.

टेसरॅक्ट म्हणजे छापील पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात तो तयार झाला, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि २००६ पासून बरीच वर्षं गूगलने त्याला पोसलं. मराठी त्याला येतं. माझ्या संगणकावर उबुंटू २२.०४ आहे आणि तिच्या भांडारात टेसरॅक्टची ४.१.१ ही आवृत्ती आहे. पण २०२१ साली आलेल्या ५ मध्ये डागाळलेल्या, कमीजास्त पिवळ्या पानांवरची शाई कागदापासून वेगळी काढायच्या दोन नव्या पद्धती आल्या आहेत. मला नेमकं तेच हवं होतं. म्हणजे सोर्समधून बसवणं आलं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. सोर्समधून बसवणं म्हणजे तयार डबा न मागवता शिधा आणून स्वयंपाक करणं. युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर याच्या ठरलेल्या तीन पायऱ्या आहेत. 'कॉन्फिगर' घरात काय सामान आहे, काय नाही ते तपासतं. 'मेक' स्वयंपाक करतं. 'मेक इन्स्टॉल' तो नेमून दिलेल्या डब्यांत भरून फडताळात ठेवतं.

माझं घोडं पहिल्याच पायरीवर अडलं. 'कॉन्फिगर' म्हटलं तर उत्तर आलं, अशी फाइलच नाही.

त्या रविवारी आमचे भाचेबुवा आले होते. संगणक अभियंता, पुण्यात नोकरी, पगार विचारू नका. म्हणाले, "मामा, एवढं वाचत काय बसता? एरर कॉपी करायचा, नेटवर टाकायचा, पहिलं उत्तर येईल ते चिकटवायचं. आणि प्रत्येक आज्ञेच्या आधी सुडो लावायचं, म्हणजे कटकटच नको." हल्ली एआयला विचारतात. पद्धत तीच, फक्त उत्तर जास्त गोड भाषेत येतं.

मी बिचारा मराठी माध्यमाचा बी.ए. तो इंजिनिअर. ऐकलं. आणि इथेच चुकलो.

सोर्सबरोबर एक मार्गदर्शक फाइल येते. ती उघडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं की कॉन्फिगर ही फाइल इथे तयार मिळत नाही, आधी 'ऑटोजेन' नावाची स्क्रिप्ट चालवून ती बनवून घ्यायची असते. ते भाच्याने नेटवर शोधून काढलं, पण चालवलं सुडो लावून. सुडो म्हणजे संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने काम करणं. त्यामुळे त्या फोल्डरमध्ये नव्याने तयार झालेल्या फाइली मालकाच्या नावावर गेल्या. पुढे मी साध्या माणसासारखं काम करायला गेलो तर परवानगी नाही! माझ्याच घरात मलाच मज्जाव. यावर भाच्याचा उपाय, सगळ्या फाइलींना ७७७ देऊन टाका. म्हणजे कुणीही यावं, वाचावं, खोडावं, चालवावं. एका कुलपाची किल्ली सापडत नाही म्हणून घराची सगळी दारं काढून ठेवायची, त्यातला प्रकार. खरा उपाय एका ओळीचा होता, त्या फाइलींची मालकी परत माझ्या नावावर करायची. सुडो लागतं ते शेवटच्या 'मेक इन्स्टॉल'ला, कारण तेव्हा सगळ्यांच्या सामाईक फडताळात वस्तू ठेवायची असते. त्याआधी गरज नाही.

मग कॉन्फिगर चाललं आणि थांबलं. म्हणालं, लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची हवी. लेप्टोनिका म्हणजे टेसरॅक्ट ज्याच्या जिवावर चित्रं हाताळतो ती लायब्ररी. भाचेबुवा म्हणाले, "लेप्टोनिका तर आहे की तुमच्याकडे! जुना टेसरॅक्ट तिच्यावरच चालतोय. मशीन खोटं बोलतंय, सगळं काढून परत टाका."

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याच संदेशात पुढे स्पष्ट लिहिलं होतं की अमुक नावाचं, शेवटी 'डेव्ह' असलेलं पॅकेज बसवून बघा. पुढचं वाक्य कुणी वाचलंच नव्हतं.

हा घोटाळा समजून घेण्यासारखा आहे, कारण सोर्समधून बसवताना नवख्याला तो हमखास भेटतो. उबुंटूसारख्या ठिकाणी लायब्ररीचे दोन भाग करतात. एक भाग प्रोग्रॅम चालवायला पुरतो. दुसऱ्या 'डेव्ह' भागात हेडर फाइली असतात, म्हणजे त्या लायब्ररीत कोणकोणती कामं करता येतात आणि त्यांना हाक कशी मारायची याची यादी. नवा प्रोग्रॅम बांधताना कंपायलरला ती यादी लागते. वर्गात मुलगा बसलाय, पण हजेरीपटात त्याचं नाव नाही, अशी अवस्था. मास्तर म्हणणार, असा विद्यार्थी नाही. मास्तर खोटं बोलत नाहीत, त्यांच्यापुढे हजेरीपट आहे. (फेडोरावाले याच भागाला 'डेव्हल' म्हणतात. नाव बदलतं, दुखणं तेच.)

'मेक' चालवल्यावर शेकडो ओळी धावत जातात, आणि काही बिघडलं तर सगळ्यात खाली "एरर १" नाहीतर "एरर २" असं येतं. झालं! लोक तीच ओळ उचलतात आणि नेटवर टाकतात. अहो, त्या ओळीत काहीही नसतं! तो आकडा म्हणजे आधीच्या आज्ञेने परत दिलेला शेरा. शून्य म्हणजे पास, बाकी काहीही म्हणजे नापास. (आमच्या शाळेत उलटं होतं :-) ) का नापास, ते निकालपत्रात नसतं, उत्तरपत्रिकेत असतं. ती वर आहे. वर वर जायचं, आणि जिथे पहिल्यांदा 'एरर' शब्द दिसतो तिथे थांबायचं. पहिली चूक खरी, तिच्याखालच्या बहुतेक तिची पिल्लं. एकाच वेळी चार-चार कामं लावून मेक चालवलं असेल तर ओळी एकमेकींत मिसळतात, पहिली चूक आणखीच वर जाते. अशा वेळी एक-एक काम करायला सांगून मेक पुन्हा चालवावं. कॉन्फिगरची गतही तशीच. ते 'कॉन्फिग.लॉग' नावाची वही लिहून ठेवतं. तिची शेवटची पानं नुसत्या याद्यांनी भरलेली असतात, खरं कारण त्यांच्या वरच्या अंगाला असतं.

माझं मेक सुखरूप पार पडलं, इन्स्टॉलही झालं. चालवलं तर म्हणे टेसरॅक्टची ५ क्रमांकाची लायब्ररी सापडत नाही. यावर भाच्याने फोनवरून जो उपाय सांगितला तो ऐकून जाणकारांनी कपाळाला हात लावावा. "जुनी ४ आहे ना? तिला ५ च्या नावाने लिंक करून टाका." केलं. पुढच्या क्षणी प्रोग्रॅम तिसऱ्याच एका नावाने ओरडायला लागला. लायब्ररीच्या नावातला तो आकडा शोभेला नसतो. तो बदलला म्हणजे आतली रचना जुन्याशी जुळत नाही, असं बनवणाऱ्याने दिलेलं वचन असतं. पाचवीच्या मुलाच्या जागी चौथीतला मुलगा बसवून पेपर लिहून घ्यायचा, तसं आम्ही केलं. दोन दिवस गेले त्यात. खरी गोष्ट एवढीच होती की नवी लायब्ररी तिच्या जागी व्यवस्थित होती, पण कोणती लायब्ररी कुठे आहे याची जी यादी संगणक बाळगतो ती ताजी करायची राहिली होती. मी ती खोटी लिंक काढून टाकली, 'एलडीकॉन्फिग' एकदा म्हटलं, संपलं. एक शब्द!

यानंतर मराठीची फाइल सापडत नाही असा संदेश आला. तो मात्र मी कुणाला फोन न करता शांतपणे वाचला. कोणती फाइल, कोणत्या फोल्डरमध्ये शोधली, सगळं त्यात होतं. सोर्सबरोबर भाषांच्या फाइली येत नाहीत, वेगळ्या आणाव्या लागतात. आणली, त्या जागी ठेवली, चाललं.

हिशेब करा. वाचून केलेल्या गोष्टींना सगळे मिळून दोन तास लागले. चिकटवलेले उपाय निस्तरायला आठवडा. आणि म्हणे "मामा, वाचायला वेळ कुणाला आहे?"

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याचा एककल्लीपणा म्हणाल. एक, भांडारात हवी ती आवृत्ती असेल तर सोर्सच्या नादी लागूच नये. उगाच स्वतः कांडून मसाला करण्यात शौर्य नाही. दोन, हे संदेश लिहिणारे फार प्रेमळ नाहीत. तुटक इंग्रजी, तेही घाईतलं. माझ्यासारख्याला कोश शेजारी घ्यावा लागतो. तीन, नेटवरची उत्तरं वाईट नसतात. मीही शोधली. पण आपला प्रश्न काय ते न कळता उत्तर घेतलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं.

या सगळ्यातून एक छान गोष्ट हाती लागली. 'मेक' हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्यांचा एक सहकारी सकाळभर एका प्रोग्रॅममधली चूक शोधत बसला होता. चूक तर आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! त्या वाया गेलेल्या सकाळीतून हे हत्यार जन्माला आलं. आणि त्याच्या नियमांच्या फाइलीत आज्ञेच्या ओळीआधी साध्या रिकाम्या जागा चालत नाहीत, टॅबच लागतो. सगळे फोटो ओळीने टेसरॅक्टला द्यायला मी अशी एक छोटी फाइल नेटवरून उचलून चिकटवली, तर टॅबच्या रिकाम्या जागा झाल्या आणि मेक अडून बसलं. चिकटवण्याविरुद्ध लेख लिहिणाऱ्याला चांगली शिक्षा.

पण खरी शिक्षा वेगळीच मिळाली, तेवढी सांगून थांबतो. भाच्यावर चिडलो होतो तेव्हा हिने शांतपणे विचारलं, "अहो, त्याला असं शिकवलं कुणी?" मी गप्प. दहावीच्या वर्गाला मी इतिहासाची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचो. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "सर, हेच कारण का? दुसरं का नाही?" मी म्हणालो होतो, "असंच लिही, पूर्ण मार्क मिळतात." निकाल ९० टक्क्यांच्या वर लागायचा, सत्कार व्हायचा. प्रश्न न वाचता उत्तर चिकटवणारी पिढी नेटने नाही घडवली. गाईडांनी घडवली, आणि ती गाईडं हातात देणारे आम्हीच होतो. भाचा माझ्याच शाळेत शिकला. माझ्याच वर्गात.

म्हणून आता ठरवलंय. तो पुढच्या वेळी आला की त्याला काहीही सांगणार नाही. पडद्यावरचा संदेश त्याला मोठ्याने वाचायला लावणार. वरून खाली, पहिल्या चुकीपर्यंत. मग विचारणार, "काय म्हणतंय ते तुझ्या शब्दांत सांग." शाळेत हे करायचं राहून गेलं.

असो. १९८६ चा अंक आजपासून घेतलाय. चौदा पानं झाली. जोडाक्षरांत अजून गोंधळ आहे, ते हाताने सुधारतोय. त्या मुलीचाही एक निबंध याच अंकात आहे. पान बावीस. उद्या-परवा तिथे पोचेन.