नेम चुकतो तो कोणाचा?

मुंबई-गोवा महामार्गावरील लोटे हे गाव आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे सर्वतोमुखी झाले आहे. तथापि त्या वसाहतीच्या नावाला जोडलेला ‘परशुराम’ हा शब्द जवळच्याच डोंगरावरील पुरातन देवस्थानाची आठवण करून देतो. बाण सोडून समुद्र मागे हटविणारा आणि कोकणची भूमी निर्माण करणारा तो हा देव. ज्या भूमीची जन्मकथाच एका शरसंधानाशी निगडित आहे, तेथे नेमबाजीचा विचार अप्रस्तुत ठरू नये. शिवाय लोट्यासारख्या ठिकाणी हा विचार केवळ पौराणिक राहत नाही. ज्वालाग्राही द्रव्यांच्या टाक्यांच्या सान्निध्यात बंदोबस्ताचा प्रसंग उद्भवला, तर शिपायाच्या बंदुकीतून सुटलेली गोळी हातभर बाजूला जाणे ही किरकोळ चूक राहत नाही.

पाश्चात्त्य देशांत लष्कराने निकालात काढलेली रायफल विकत घेऊन तिची अचूकता वाढविणे हा हौशी लोकांचा छंद आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमामुळे ३०३सारखी लष्करी काडतुसांची रायफल सामान्य नागरिकाच्या हाती पडत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे येथे हा प्रश्न सरकारी शस्त्रागाराचा होतो. दोन महायुद्धे लढलेली ली-एनफिल्ड १९६०नंतर हळूहळू सैन्यातून गेली; परंतु पोलीस, होमगार्ड आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्या खांद्यावर ती पुढे कित्येक दशके राहिली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताकदिनी.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसांचा बळी गेला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर जे पोलीस उभे होते, त्यांच्यापैकी काहींच्या हाती ३०३ होत्या, तर काहींच्या हाती केवळ लाठ्या. तेव्हापासून ‘जुनी बंदूक म्हणजे निकामी बंदूक’ हे समीकरण लोकांच्या मनात रुजले. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी रायफल स्वयंचलित शस्त्राशी वेगात बरोबरी करू शकत नाही, हे निर्विवाद. अचूकतेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वयामुळे मंद असणे निराळे आणि हेळसांडीमुळे नेम चुकणे निराळे.

ही हेळसांड कशी घडते, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या ३०३ काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे गोळी सुटल्यावर नळीत एक प्रकारचे मीठ उरते. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून जुन्या पलटणींत नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात या शिस्तीकडे दुर्लक्ष झाले, तर ते मीठ हवेतील ओल शोषून घेते आणि नळीतील आटे गंजतात. गोळीला फिरकी देणारे आटेच झिजल्यावर नेम कसला? उलट, सफाईचा अतिरेकही घातक ठरतो. चिंधी बांधलेली दोरी वाकडी ओढली की वर्षानुवर्षांच्या घर्षणाने नळीचे तोंड एका बाजूला झिजते, आणि गोळी बाहेर पडतानाच भरकटते.

तीच गोष्ट लाकडाची. या रायफलीचा दस्ता नळीच्या टोकापर्यंत जातो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नळीवर कमीअधिक दाब देते. परिणामी मे महिन्यात जुळवलेला नेम ऑगस्टमध्ये चुकतो. दस्त्याला वेळोवेळी अळशीचे तेल पाजणे आणि लाकूड जेथे अकारण नळीला घासते तेथे ते जाणकाराकडून तासून घेणे, हा त्यावरचा उपाय. राहिली नळीच्या टोकावरची माशी. तिच्या उंचीत इंचाच्या १५ हजारांश भागाचा फरक केला, तर १०० यार्डांवर गोळी सुमारे पावणेतीन इंच सरकते. गोळी वर लागत असेल तर माशी अधिक उंच बसवावी लागते. यांपैकी कोणत्याही कामाला परकीय चलन लागत नाही. लागतो तो हाताखाली नीट शिकलेला आर्मरर आणि त्याला दिलेला वेळ.

या अनास्थेला इतिहासाची एक कटू बाजू आहे. १८५७नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक देण्याचे धोरण इंग्रजांनी अवलंबिले. पुढे इशापूरच्या कारखान्यात जुन्या ली-एनफिल्डच्या नळ्या पोखरून, त्यांतील आटे नाहीसे करून त्या पोलीस व पहारेकरी यांना देण्यात आल्या. एका वेळी एकच काडतूस घेणारी, गुळगुळीत नळीची ही ४१० मस्केट. जेथे अचूकता होती तेथून ती हेतुपूर्वक काढून घेण्यात आली. परक्या सत्तेचा आपल्याच नोकरांवर विश्वास नव्हता, हे त्या नळीकडे पाहूनच कळते. स्वतंत्र देशात शिपायाच्या बंदुकीची अचूकता कोणी हेतुपूर्वक काढून घेत नाही. ती दुर्लक्षाने निघून जाते. शिपायाच्या दृष्टीने परिणाम एकच.

नवी शस्त्रे घेतली की प्रश्न सुटला, असे मानण्याचाही मोह होतो. २००८च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने या भ्रमावर नेमके बोट ठेवले. आधुनिक शस्त्रे बाळगणाऱ्या शीघ्र कृती दलालाही काडतुसांच्या टंचाईमुळे गोळीबाराचा पुरेसा सराव मिळत नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिस येथे ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते उत्तम रायफलीइतकेच अखंड सरावाच्या बळावर. खेळाडूला पदकासाठी जो सराव अपरिहार्य ठरतो, तो नागरिकांच्या प्राणरक्षणासाठी उभ्या असलेल्या शिपायाला ऐच्छिक कसा ठरेल? सरावात खर्ची पडलेले काडतूस हिशेबाच्या वहीत खर्च म्हणून दिसते. न झालेल्या सरावाची किंमत कोणत्याच वहीत चढत नाही.

येथे पुन्हा लोट्याकडे वळणे उचित ठरेल. तेथील कारखान्यांत दाबाखाली चालणारी पात्रे आणि झडपा कायद्यानुसार ठरावीक मुदतीने तपासून घ्याव्या लागतात व त्यांची नोंद ठेवावी लागते. पात्र जुने आहे म्हणून कोणी ते सरसकट भंगारात काढीत नाही, आणि नवे आहे म्हणून तपासणी चुकवीत नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या शिपायाच्या रायफलीला हाच न्याय का लागू नये? शस्त्रागारातील प्रत्येक रायफलीची एक नोंदपत्रिका असावी. तिचा नेम अखेरचा कधी जुळविला, पावसाळ्यानंतर तो पुन्हा पाहिला का, तिच्या धारकाने वर्षभरात किती गोळ्या झाडल्या, हे तीतून कळावे. जी रायफल दुरुस्तीनंतरही ठरावीक वर्तुळात गोळ्या ठेवीत नाही, ती निर्दयपणे बाद करावी. जी ठेवते तिला प्रशिक्षणासाठी सन्मानाने वापरावे, आणि आघाडीवरच्या शिपायाला काळाला साजेसे शस्त्र द्यावे.

रायफल शंभर वर्षांची असू शकते. तिच्या तपासणीची तारीख शंभर वर्षांपूर्वीची असून चालणार नाही. गोळी चुकते तेव्हा दोष शिपायाच्या डोळ्याला किंवा बंदुकीच्या वयाला देणे सोपे असते. परंतु तो नेम बहुधा त्यापूर्वीच, शस्त्रागाराच्या बंद दाराआड चुकलेला असतो.